पांढरा ओटा, हळदीचा डाग आणि ठिबकचे अ‍ॅसिड



शेतकरी मेळाव्यात पुरुषमंडळी खताचे, फवारणीचे, अनुदानाचे प्रश्न विचारतात. सभा संपून चहा सुरू झाला की मागे बसलेल्या भगिनी पुढे येतात. त्यांचे प्रश्न निराळे असतात. कडधान्याला लागणारे भुंगे, परसबागेतील शेवग्यावरच्या अळ्या, आणि अलीकडे वरचेवर येणारा एक प्रश्न म्हणजे, "साहेब, ओट्यावरचा हळदीचा डाग कशाने जाईल?" विचारताना त्या थोड्या संकोचतात. शेतीच्या माणसाला हे काय विचारायचे, असे वाटत असावे. संकोच मुळीच करू नये. चुना, क्षार आणि आम्ल हा आम्हां शेतीवाल्यांचा रोजचाच विषय आहे. शिवाय या साध्या प्रश्नात जिवाच्या धोक्याची एक गोष्ट दडलेली आहे. म्हणून आजचे सदर ओट्यासाठी.

पूर्वी चूल जमिनीवर होती आणि तिच्याभोवती सारवण होते. हळद सांडली तरी दुसऱ्या दिवशीच्या सारवणात ती नाहीशी होई. पुढे ओटे आले, ते काळ्या कडप्प्याचे. त्यावरही डाग दिसत नसे. आता उसाचे किंवा द्राक्षाचे पैसे हाती आले की घरावर स्लॅब पडतो आणि ओटा मात्र पांढराशुभ्र हवा असतो. कोणी संगमरवर बसवितात, कोणी पांढऱ्या चकचकीत टाइल्स. पांढरा ओटा दिसतो छान, परंतु हळद, चहा, डाळिंबाची साल आणि तव्याचा गंज यांना तो काही लपवू देत नाही. मग घरच्या लक्ष्मीचा जीव त्या एका पिवळ्या ठिपक्यात अडकून राहतो.

डाग काढण्यापूर्वी ओटा कशाचा आहे हे ओळखावे. पीक कोणते हे न पाहता फवारणी करणारा शेतकरी आणि दगड न पाहता डाग काढणारी गृहिणी यांची गत सारखीच होते. माती परीक्षणात जमिनीत चुनखडी आहे काय हे पाहण्यासाठी मातीवर आम्लाचे, म्हणजे अ‍ॅसिडचे, चार थेंब टाकतात. चुनखडी असेल तर फसफस फेस येतो. संगमरवर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने घट्ट झालेली चुनखडीच आहे. राजस्थानातील मकराण्याचा संगमरवर, जो ताजमहालास वापरला, तोही त्याच जातीचा. आपला काळा कडप्पा आणि शहाबादी फरशीसुद्धा चुनखडीच्याच दगडाची. ग्रॅनाइट मात्र वेगळ्या कुळातला, त्याला आम्लाचे फारसे भय नाही. टाइलच्या वरचा थर काचेसारखा असतो. तोही सहसा आम्लाला दाद देत नाही, परंतु दोन टाइलमधील सांधे सिमेंटचे असतात आणि सिमेंटात चुना असतोच.

ओट्याची जात कळत नसेल तर सोपी परीक्षा करावी. शेगडीच्या मागे, नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. पाच मिनिटांनी पुसून, वाळवून, तिरप्या उजेडात पाहावे. तेवढी जागा मंद, निस्तेज दिसली तर ओटा चुनखडीच्या कुळातला समजावा. अशा ओट्यावर लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, आंबट ताक यांपैकी काहीही डाग काढण्यासाठी वापरू नये. आंबट वस्तू सांडली तरी लगेच ओल्या फडक्याने पुसावी. "लिंबाने घासले आणि उलट पांढरा ठिपका पडला" अशी तक्रार पुष्कळ भगिनी करतात. तो डाग नव्हे, तेथील दगडाचा वरचा पापुद्रा विरघळून गेलेला असतो. तो कितीही धुतला तरी जात नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावे लागते.

आता ठिबकच्या अ‍ॅसिडबद्दल. ज्या घरी ठिबक सिंचन आहे तेथे तोट्यांत साचलेले क्षार विरघळविण्यासाठी अ‍ॅसिडचा कॅन असतोच. हे अ‍ॅसिड नळीतला क्षार क्षणात खाते, मग ओट्यावरचा डाग का खाणार नाही, असा विचार कोणीतरी घरात बोलून दाखवितो, आणि तो बहुधा पुरुष असतो. एका घरी मी असा ओटा पाहिला. डाग गेला होता खरा, पण त्याबरोबर ओट्याची चकाकी गेली होती, सांध्यांतील सिमेंट पोखरले गेले होते आणि त्या खाचांतून मुंग्यांची रांग चालू होती. नळीतला क्षार आणि संगमरवर ही मुळात एकच वस्तू आहे. अ‍ॅसिडला नळी कोणती आणि ओटा कोणता हे कळत नाही.

ओट्याचे नुकसान पैशाने भरून येईल. ज्यासाठी हे सदर लिहावयास घेतले ती गोष्ट त्याहून गंभीर आहे. अ‍ॅसिडने डाग जात नाही असे पाहून काही जणी त्यावर ब्लीचिंग पावडर टाकतात. विहिरीसाठी आणलेली ही पावडर गावात सहज मिळते. दोन कडक औषधे एकत्र केली की काम दुप्पट होईल, हा हिशेब. प्रत्यक्षात या दोहोंच्या मिश्रणातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियममधील ईप्र गावाजवळ शत्रूवर सोडला तो हाच वायू. बंद स्वयंपाकघरात तो थोडाही पुरेसा घातक असतो. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे, त्यामुळे तो खाली उतरतो आणि जमिनीच्या लगत साचतो. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला नुसता उग्र वास येत असतो, त्याच वेळी खाली फरशीवर खेळणारे मूल तिच्यापेक्षा जास्त वायू ओढून घेत असते.

संडास साफ करावयाच्या बाटलीतील द्रवातही बहुधा हेच आम्ल असते. तेव्हा ते द्रव आणि ब्लीचिंग पावडर, किंवा कपड्यांचे पातळ ब्लीच, यांचीही गाठ पडू देऊ नये. व्हिनेगर आणि लिंबूही आम्लच आहेत, ब्लीचमध्ये तेही नकोत. ज्यांनी ठिबकचे पुस्तक नीट वाचले आहे त्यांना हा नियम ठाऊक असेल. क्षारासाठी आम्ल प्रक्रिया आणि शेवाळासाठी क्लोरीन प्रक्रिया एकाच वेळी करावयाची नाही, असे तेथेही बजावलेले असते. शेतात जो नियम पाळतो तो घरी आल्यावर का विसरावा?

चुकून असे मिश्रण झाले, डोळे चुरचुरू लागले, खोकल्याची ढास लागली, तर मिश्रण आवरत बसू नये. आधी मुलांना उचलून मोकळ्या हवेत जावे. जाताना हाताशी असतील तर दारे-खिडक्या उघडाव्यात, त्यासाठी थांबू मात्र नये. डोळ्यांवर स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा मिनिटे धरावी. छाती भरून आली, श्वासाला घरघर लागली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बरे वाटले म्हणूनही गाफील राहू नये, कारण फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. अंगावर अ‍ॅसिड उडाले तर भरपूर पाणी हाच उपाय, त्यावर सोडा किंवा चुना चोळू नये. कोणी अ‍ॅसिड प्यायले तर उलटी करवू नये. गिळताना जे अन्ननलिका भाजते, ते वर येताना पुन्हा भाजते. बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

एवढे सांगून झाले, आता हळदीकडे वळू.

हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून फोडणीतील हळद साध्या पाण्याने जात नाही आणि तेलाबरोबर दगडाच्या बारीक छिद्रांत उतरते. दुसरे असे की हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळद आणि चुना एकत्र आले की काय होते हे घरच्या आजीला माहीत आहे, आणि हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून लाल करण्याचा प्रयोग शाळकरी मुलाला माहीत आहे. ओट्यावर साबण किंवा सोडा लावताच डाग लालभडक झाला तर घाबरू नये, डाग वाढलेला नाही, रंग पालटला आहे इतकेच. तिसरी आणि सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. धोतरावरचा हळदीचा डाग दोन-चार उन्हांत फिका पडतो, तो याच कारणाने. खिडकीतून ओट्यावर ऊन येत असेल तर डाग साबणाने धुऊन, ओला ठेवून त्या उन्हाला निदान दोन दिवस काम करू द्यावे. पोळपाट आणि विळीचा पाट तर सरळ अंगणात मांडावेत. फुकटचे औषध आहे.

ऊन पोहोचत नसेल तर टाइलच्या ओट्यावर असे करावे. ताजा डाग असेल तर आधी कोरडी कणीक किंवा बेसन भुरभुरून तेल शोषून घ्यावे, मग भांड्याच्या साबणाने धुवावे. तरीही पिवळा राहिला तर एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा ब्लीचिंग पावडर ढवळून, गाळ खाली बसू द्यावा आणि वरच्या निवळीत फडके बुडवून दहा मिनिटे डागावर ठेवावे. नंतर भरपूर पाण्याने धुवावे. हातांत रबरी मोजे असावेत, खिडकी उघडी असावी आणि त्या दिवशी त्या जागेवर दुसरे काहीही लावू नये. पावडर जुनी, ओलसर, वास उडालेली असेल तर काम होणार नाही. तिच्यातील क्लोरीन साठवणीत आपोआप कमी होत जातो. विहिरीत टाकतानाही हे ध्यानात ठेवावे.

संगमरवराला निराळी रीत. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. खाण्याचा सोडा तीन चमचे घेऊन त्यात हे पेरॉक्साइड थोडे थोडे घालत थालीपिठाच्या पिठाइतका लगदा करावा आणि डागावर बोटभर जाडीचा थर द्यावा. वर प्लॅस्टिकचा कागद टाकून रात्रभर ठेवावे. सकाळी कागद काढून थर पूर्ण वाळू द्यावा. वाळल्यावर लाकडी उलथन्याने अलगद खरवडून धुवावे. वाळण्याची घाई करू नये, कारण खरे काम तेव्हाच होते. खारवट जमिनीत उन्हाळ्यात वर पांढरे का फुलते, हे तुम्ही पाहिले आहे. पाणी वर चढून वाफ होऊन जाते आणि बरोबर आणलेला क्षार वरच राहतो. ओट्यावर तेच घडते. पेरॉक्साइड रंग मारते आणि लगदा वाळताना दगडाच्या छिद्रांतील मळ आपल्यात ओढून घेतो. जुना डाग एका वेळेस जाणार नाही, दोन-तीन लेप द्यावे लागतील. उरलेला लगदा झाकण लावून बाटलीत ठेवू नये, आत वायू धरून बाटली फुटू शकते. आणि हे पेरॉक्साइडही ब्लीच किंवा व्हिनेगर यांत मिसळावयाचे नाही.

सोडा आणि लिंबू एकत्र करून घासण्याचा उपाय हल्ली मोबाइलवर फार फिरतो. फेस मोठा येतो आणि पाहणाऱ्याला वाटते, केवढे काम चालले आहे! खरे पाहता सोडा क्षारधर्मी, लिंबू आम्ल, दोघे एकमेकांना मारून मोकळे होतात. हाती उरते ते थोडे मीठवजा पाणी. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या उपयोगाच्या आहेत, एकत्र केल्या की दोन्ही वाया. लिंबू सरबताला ठेवावे.

चहाचा डाग हळदीपेक्षा गरीब. टाइलवर ओल्या सोड्याने जातो, संगमरवरावर वरचाच लेप एकदा दिला की पुरे. परंतु चहा लोखंडाशी मिळाला की काळानिळा होतो. हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वी शाई करीत, तोच हा प्रकार. म्हणून ओला तवा, विळी किंवा डबा चहा सांडलेल्या जागी टेकवून ठेवू नये. डाळिंबाच्या सालीचेही तेच. गंजाचा डाग टाइलवर असेल तर मीठ आणि लिंबाने निघतो. संगमरवरात मुरलेला जुना गंज मात्र घरच्या उपायांनी क्वचितच पूर्ण जातो, आणि तेथे मी कोणालाही खोटी आशा दाखविणार नाही. पत्र्याच्या डब्यांखाली गोणपाटाऐवजी लाकडी फळी सरकवावी, तेवढे बरे.

केळफूल किंवा कच्ची केळी चिरताना हाताला आणि विळीला तेल लावतात. ओट्यावरही जुना कागद पसरावा, कारण केळीचा चीक वाळून तपकिरी झाला की चिवट होतो. बिब्बा तर ओट्यावर ठेवूच नये. त्याचा डाग सुटत नाही आणि तेल कातडीला भाजते ते वेगळेच.

राखेने घासण्याची सवय पुष्कळ घरी अजून आहे. पितळेला ती ठीक. पण राखेत क्षार असतो, त्याने हळद लाल होते, आणि तिच्यातील बारीक खर संगमरवराच्या पॉलिशवर ओरखडे काढते. ओरखड्यांत पुढचा डाग अधिक खोल बसतो. तारेच्या घासणीचेही असेच. ओट्याला मऊ फडके किंवा नारळाचा काथ्या पुरतो, आणि रात्री निजण्यापूर्वी कोरडा पुसलेला ओटा डाग धरत नाही.

आता घरातील कर्त्या पुरुषांसाठी दोन ओळी. त्यांना हा भाग वाचून दाखवावा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, ते उगाच नव्हे. ठिबकचे अ‍ॅसिड स्वयंपाकघरात, मोरीत किंवा न्हाणीघरात आणू नये. थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नये. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, आतील द्रव ओळखत नाही. मूळ कॅनमध्येच, झाकण घट्ट लावून, शेतावरील खोलीत कुलपात ठेवावे. पातळ करताना नेहमी पाण्यात अ‍ॅसिड ओतावे, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. ब्लीचिंग पावडरची पिशवी त्या खोलीत तर नकोच, आणि युरिया किंवा अमोनियम सल्फेटच्या पोत्यांजवळही नको. त्यांच्या संयोगानेही विषारी आणि स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतात. तिला कोरडी, वेगळी जागा द्यावी.

ज्यांच्या घराचे काम अजून चालू आहे त्यांनी माझे मत विचारले तर मी सांगेन की शेगडीखाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातभर ग्रॅनाइट घालावा. त्यावर हळद, चिंच, लिंबू काहीही सांडले तरी चिंता नाही. पांढऱ्याची हौस असेल तर ती मागच्या भिंतीला टाइल लावून पुरवावी. ओट्यालाच टाइल हवी असेल तर मोठ्या आकाराची घ्यावी, म्हणजे सांधे कमी येतील, आणि सांध्यांत पांढऱ्याऐवजी राखी रंग भरून घ्यावा. गवंडी निघून जाण्यापूर्वी ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते मोरीकडे वाहून गेले पाहिजे. मागच्या कोपऱ्यात थबकून राहिले तर काम त्याच दिवशी पुन्हा करून घ्यावे.